आमच्या मारुतीचे तीन प्लग

यंदा उन्हाळी सुट्टीत मी घरी पोचलो त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "गाडीचं काय करायचं ते या महिन्यात ठरवावं लागेल."

आमचे घर लखनौच्या आलमबाग भागात आहे. आम्ही मूळचे भुसावळचे. बाबा आलमबागच्या डिझेल शेडमध्ये नोकरीला असल्यामुळे गेली सोळा वर्षे आम्ही तिथे राहतो. नवाब वाजिद अली शाहने आपल्या बेगमेसाठी बांधलेली बाग म्हणजे आलमबाग. १८५७ मध्ये इथे मोठी लढाई झाली आणि जनरल हॅवलॉकची कबरही इथेच आहे. आज मात्र या भागात बाग कुठेच दिसत नाही. वर मेट्रो, खाली रिक्षा, टेम्पो आणि कानपूरकडे जाणारी वाहने दिसतात.

आमची गाडी मारुती ८०० आहे. बाबांनी ती जून २००९ मध्ये घेतली, म्हणजे ती माझ्यापेक्षा एका महिन्याने लहान. लखनौमध्ये विकल्या गेलेल्या शेवटच्या मारुती ८०० गाड्यांपैकी ती एक असावी. कारण १ एप्रिल २०१० पासून देशातल्या तेरा शहरांत प्रदूषणाचे बीएस-४ नियम लागू झाले आणि तिथे ही गाडी विकणे बंद झाले. त्या तेरांत लखनौ होते, तसेच आपले मुंबई, पुणे आणि सोलापूरही होते.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओमध्ये गाडी दाखवून, फिटनेस पास करून ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्याची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाली आहे. त्यातच आमची गाडी पीयूसीमध्ये नापास झाली होती. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची आणि चढावर दम टाकायची. बाबांचे म्हणणे सरळ होते. थोड्या खर्चात दुरुस्त झाली तर ठेवायची, नाहीतर स्क्रॅपमध्ये द्यायची. आजीला गुडघ्यांमुळे रिक्षात चढता येत नाही. तिचे दवाखान्यात जाणे याच गाडीवर अवलंबून आहे. ती काही बोलली नाही, पण रात्री मला म्हणाली, "बाळा, तू शाळेत इतकं शिकतोस, बघ ना काय होतंय ते."

बाबांनी तीन नवे स्पार्क प्लग आणून ठेवले आणि म्हणाले, "रविवारी दोघं मिळून बदलू." मी रविवारपर्यंत थांबलो नाही. पुढे काय झाले ते सांगण्याआधी प्लग म्हणजे काय ते सांगतो.

स्पार्क प्लग काय करतो?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढले जाते. पिस्टन वर येतो आणि ते मिश्रण सुमारे नवव्या हिश्श्यात दाबतो. नेमक्या त्या वेळी ठिणगी पडली पाहिजे. ठिणगीने मिश्रण पेटते, वायू फुगतो, पिस्टन खाली ढकलला जातो आणि गाडी चालते. ही ठिणगी पाडणारा बोटाएवढा तुकडा म्हणजे स्पार्क प्लग.

त्याच्या मधोमध एक धातूची दांडी असते. तिच्याभोवती पांढरा चिनी मातीसारखा भाग असतो, कारण वीज वाटेतच बाहेर पळता कामा नये. खाली आटे असलेला लोखंडी भाग असतो आणि त्याला एक वाकडा दात असतो. दांडी आणि दात यांच्यामध्ये साधारण एक मिलिमीटर फट असते. तिला गॅप म्हणतात. बॅटरी फक्त १२ व्होल्टची असते. इग्निशन कॉइल त्याचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करते आणि मग वीज ही फट ओलांडून उडी मारते.

बाबांच्या शेडमधल्या जुन्या डिझेल इंजिनांना सोळा सोळा सिलिंडर असतात आणि प्लग एकही नसतो. डिझेल इंजिनात फक्त हवा दाबतात. ती इतकी दाबतात की हवाच प्रचंड तापते आणि तिच्यात डिझेल फवारले की ते आपोआप पेटते. म्हणून "डिझेल गाडीचे प्लग बदलले" असे कोणी म्हणाले, तर तो ठिणगीचा प्लग नसतो. थंडीत इंजिन गरम करायचा ग्लो प्लग वेगळा.

कार्बुरेटर, इंजेक्शन, सेन्सर असे कितीतरी बदल गाड्यांत झाले, पण प्लगची मूळ कल्पना फार बदललेली नाही. १९०२ मध्ये जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग तयार केला. आजचा प्लग त्याचाच वारस आहे.

प्लग का झिजतो?

मी वहीत एक हिशेब केला. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लग मिनिटाला १००० ठिणग्या पाडतो. ताशी सरासरी ४० किलोमीटर वेग धरला तर १०,००० किलोमीटरला २५० तास लागतात. म्हणजे एका प्लगच्या दीड कोटी ठिणग्या! प्रत्येक ठिणगी धातूचा अगदी सूक्ष्म कण उडवते. हळूहळू कडा गोल होतात आणि फट वाढते. फट वाढली की उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात. मग कधी ठिणगी कमजोर पडते, कधी पडतच नाही. याला मिसफायर म्हणतात. त्या वेळी पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जाते. पीयूसीच्या कागदावर एचसी नावाचा आकडा असतो, तो या न जळलेल्या इंधनाचा. आमचा तोच आकडा मर्यादेबाहेर होता.

साधे निकेलचे प्लग साधारण २० ते ४० हजार किलोमीटर टिकतात. इरिडियम किंवा प्लॅटिनमचे प्लग एक लाखापर्यंतही जातात. आपल्या गाडीचा आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत पाहावा.

माझ्या तीन चुका

शुक्रवारी बाबा ड्यूटीवर होते. आई दुपारी आजीला दवाखान्यातून घेऊन आली. तासाभराने आई झोपली आणि मी बॉनेट उघडले.

पहिली चूक म्हणजे इंजिन गरम होते. सिलिंडरचे हेड अॅल्युमिनियमचे असते आणि प्लग लोखंडाचा. गरम असताना अॅल्युमिनियमचे आटे जास्त सहज खराब होतात. शिवाय हात भाजतो तो वेगळाच.

दुसरी चूक म्हणजे मी तिन्ही जुने प्लग काढून एकाच डब्यात टाकले. कोणता कोणत्या सिलिंडरचा, काही खूण नाही.

तिसरी चूक सर्वात मोठी. नवा प्लग मी सरळ पान्यात बसवून फिरवायला सुरुवात केली. दोन प्लग बसले. तिसरा अर्ध्या फेरीतच घट्ट झाला. मला वाटले, आटे जुने आहेत, थोडा जोर लावू. लावला. अजून पाव फेरी गेली आणि हाताला करकर जाणवली. मग मी थांबलो. प्लग तिरका दिसत होता.

संध्याकाळी बाबा आले. मी सगळे सांगितले. ते ओरडले नाहीत. बॉनेटखाली बघितले, शर्ट बदलला आणि म्हणाले, "चल, ढकलू." सुमारे साडेसहाशे किलोची गाडी आम्ही दोघांनी गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली. तिथे एका वयस्कर मेकॅनिकचे छोटे गॅरेज आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. वाटेत बाबा एकच वाक्य बोलले, "आटे गेले असतील तर हेड उतरवावं लागेल, आणि त्या खर्चात ही गाडी ठेवण्यात अर्थ नाही." मला आजीचा चेहरा आठवला.

चाचांनी प्लग हलक्या हाताने उलटा काढला, टॉर्च लावून आत पाहिले आणि मला विचारले, "आप जोर क्यों लगा रहे थे? प्लग तो खुद बैठता है." लखनौमध्ये मोठी माणसे लहान मुलांनाही 'आप' म्हणतात. त्या दिवशी ते 'आप' मला रागावण्यापेक्षा जास्त लागले.

नशीब म्हणजे पहिले दोनच आटे खरवडले होते. चाचांनी आटे साफ करायच्या टॅपला भरपूर ग्रीस लावले, म्हणजे धातूचा कीस त्यालाच चिकटतो, सिलिंडरमध्ये पडत नाही. टॅप थोडा आत, थोडा मागे असे करत दहा मिनिटांत वाट मोकळी केली. मग मला म्हणाले, आता तुम्हीच लावा. त्यांनी दाखवले तसे, आणि नंतर मी घरी पुस्तिकेत वाचले तसे, क्रमाने लिहितो.

प्लग बदलण्याची योग्य पद्धत

१. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चावी काढून ठेवा. इंजिन पूर्ण थंड हवे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घेतली तर उत्तम.

२. एका वेळी एकच प्लग बदला, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. वायर ओढायची नाही. टोकाचे रबरी टोपण धरायचे, थोडे फिरवायचे आणि मग सरळ बाहेर काढायचे.

३. प्लगभोवतीची धूळ पंपाने किंवा ब्रशने काढा. नाहीतर प्लग निघताच खडा सिलिंडरमध्ये पडतो.

४. योग्य मापाचा प्लग पाना वापरा. काही प्लगना १६ मिलिमीटरचा लागतो, काहींना २१ चा. पाना सरळ बसला पाहिजे. तिरका बसला तर पांढरा भाग तडकतो. ती तड डोळ्यांना दिसतही नाही, पण वीज तिच्यातून पळते.

५. नवा प्लग त्याच नंबरचा घ्या. प्लगला उष्णतेची श्रेणी असते. चुकीच्या श्रेणीचा प्लग एकतर काजळी धरतो, नाहीतर इतका तापतो की पिस्टनला धोका होतो. 'दिसायला सारखा आहे' हे पुरेसे नाही.

६. गॅप फिलर गेजने मोजा. बहुतेक गाड्यांत ती ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. कमी-जास्त करायची तर फक्त बाहेरचा दात अलगद वाकवा, मधल्या दांडीला हात लावू नका. इरिडियमचे टोक फार नाजूक असते. तसा प्लग जसा आला तसाच बसवावा.

७. आता मुख्य पायरी. प्लगच्या वरच्या टोकावर वीतभर रबरी पाइप घट्ट बसवा. चाचांनी पेट्रोलच्या पाइपचा तुकडा दिला होता. प्लग भोकावर टेकवून आधी उलटा फिरवा. एका ठिकाणी 'टक्' करून तो किंचित खाली बसतो. तिथे आटे जुळले. आता सुलटा फिरवा. प्लग तिरका गेला तर पाइप नुसता घसरतो आणि आटे वाचतात. बोटांनी जाईल तितका, म्हणजे अगदी टेकेपर्यंत, प्लग याच पद्धतीने आत गेला पाहिजे.

८. प्लग टेकल्यावरच पाना घ्या. वॉशर असलेला नवा प्लग बोटांनी टेकल्यानंतर साधारण अर्धी फेरी पुरते. तोच प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, मग बाराव्या हिश्श्याएवढी फेरी बस झाली. वॉशर नसलेल्या, निमुळत्या प्लगला त्याहून कमी. टॉर्क पाना असेल तर पुस्तिकेतला आकडा लावा.

९. टोपण 'कट्' आवाज येईपर्यंत दाबून बसवा. मग पुढचा प्लग.

मी हे सगळे केले. तिसरा प्लग बोटांनीच शेवटपर्यंत गेला. इतका सहज, की दुपारी मी कशाशी भांडत होतो तेच कळेना.

जुना प्लग फेकू नका

इंजिन सुरू केले. तीन नवे प्लग, आणि गाडी तरीही थरथरत होती!

चाचांनी माझ्या डब्यातले जुने प्लग मागितले आणि फडक्यावर ओळीने मांडले. काढलेला प्लग म्हणजे इंजिनाच्या पोटातून आलेला रिपोर्टच. टोक फिकट बिस्किटी किंवा राखाडी असेल तर आत सगळे ठीक आहे, प्लग फक्त वयाने झिजला आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, म्हणजे आधी एअर फिल्टर पाहा. तेलकट काळा असेल तर इंजिनचे ऑइल आत शिरते आहे, आणि ते मोठे दुखणे. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर तो फार तापला आहे. ओला आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल आले, पण ठिणगी पडली नाही.

आमचे दोन प्लग बिस्किटी होते. एक ओला होता. चाचांनी विचारले, हा कोणत्या सिलिंडरचा? मला सांगता येईना.

इथे मला आमच्या वेपन ट्रेनिंगचे उस्ताद आठवले. रायफल खोलताना प्रत्येक पुर्जा ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने मांडायचा, हे त्यांनी आम्हाला पहिल्याच पीरियडला शिकवले. ग्राउंडवर मी ते न चुकता करतो. घरी, कोणी बघत नसताना, विसरलो.

चाचांनी दुसरी वाट काढली. इंजिन दोन मिनिटे चालवले, थंड होऊ दिले आणि तिन्ही नवे प्लग काढून पाहिले. या वेळी मी ते १, २, ३ असे मांडले. तीन नंबरचा ओला होता. नवा प्लगही ओला, म्हणजे दोष प्लगमध्ये नाही, त्याच्यापर्यंत वीजच नीट पोचत नाही. तीन नंबरच्या वायरीचे टोपण उलटे करून पाहिले, तर आत हिरवट गंज आणि रबराला केसाएवढी चीर. वीज त्या चिरेतून बाजूच्या लोखंडात उडी मारत होती. वायरींचा संच बदलला. इंजिन सुरू झाले आणि थरथर नाहीशी झाली. बाबांनी बॉनेटवर पाण्याने भरलेला पेला ठेवला. पाणी जेमतेम हलत होते.

जुने प्लग मी खुणा करून ठेवले असते, तर हा दोष दुपारीच सापडला असता. जुना प्लग पाच मिनिटे नीट पाहिला, तर नवा प्लग कुठे कमी पडणार हे आधीच कळते.

सोमवारी गाडी पीयूसीमध्ये पास झाली. पुढच्या आठवड्यात ट्रान्सपोर्ट नगरच्या आरटीओमध्ये फिटनेसही पास झाली आणि नोंदणी पाच वर्षांनी वाढली. त्या संध्याकाळी आजी पुढच्या सीटवर बसली आणि आम्ही सगळे चक्कर मारून आलो. चौकातल्या सिग्नलला गाडी उभी राहिली तेव्हा आजीने डॅशबोर्डवर हात ठेवला आणि म्हणाली, "आता अंगात कापरं नाही हिच्या."

तो ओला प्लग आता माझ्या ट्रंकेत आहे. मी त्याला चिठ्ठी चिकटवली आहे, 'नंबर ३'. गाडीची पुढची तपासणी २०२९ मध्ये आहे. तेव्हा मी वीस वर्षांचा असेन आणि गाडी मीच चालवत आरटीओमध्ये नेईन, असे मी बाबांना सांगितले आहे. ते म्हणाले, "ने. पण प्लग आदल्या रविवारी दोघं मिळून बघू."